बाहेरून उघडणारी पेटी

(पाचोरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आम्हा आठवीच्या मुलांना एकदा पॅसेंजरने भुसावळला नेलं होतं. रेल्वेचं यार्ड दाखवायला. आम्हाला इंजिन बघायची घाई होती. गुरुजींनी मात्र आधी एका उभ्या डब्याशी नेलं आणि त्याच्या पोटाखाली वाकून बघायला लावलं. तिथे एक लोखंडी पेटी टांगलेली होती. एका कर्मचाऱ्याने बाहेरूनच तिची कडी काढली, झाकण उघडलं, आणि आत बॅटऱ्यांची रांग दिसली. त्याने हायड्रोमीटरने एकेक सेल तपासला, जिथे कमी होतं तिथे डिस्टिल वॉटर घातलं, कडी लावली आणि तो पुढच्या डब्याकडे गेला. आत प्रवासी बसलेले असते, तरी एकालाही उठावं लागलं नसतं.

गुरुजींनी विचारलं, ही पेटी आत बाकाखाली का ठेवली नाही? कोणी म्हणालं अ‍ॅसिडचा वास येईल, कोणी म्हणालं जागा जाईल. गुरुजी म्हणाले, तेही खरं. पण डबा बनवतं कोण? रेल्वे. आणि दुरुस्त करतं कोण? तीही रेल्वेच. एवढं म्हणून ते पुढे निघाले. पुढे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा कुठे त्या दोन प्रश्नांचं वजन मला कळलं. आजचं व्याख्यान त्या दोन प्रश्नांवर आहे. विषय साधा आहे: गाडीची बॅटरी बदलणं इतकं अवघड का होत चाललं आहे, आणि हे असंच चालू द्यायचं का?

गाडीतले बहुतेक भाग कधी बिघडतील ते सांगता येत नाही. गिअरबॉक्स वीस वर्षं चालेल किंवा दोन वर्षांत जाईल. बॅटरीचं तसं नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 साली शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली, तेव्हापासून आजवर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण ती मरणार हे ठरलेलं राहिलं. आत सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून थोडे जास्त, पूर्ण भरली की 12.6 च्या आसपास. रोज भरायची, रोज उतरायची. शिशाच्या पट्ट्या गंजतात, त्यांच्यावरचा लेप सुटून तळाशी बसतो, सल्फेटचे खडे धरतात. तीन-चार वर्षांनी ती जाते.

आणि आपल्या खानदेशात ती लवकर जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची इंजिनाची धग वेगळी. उन्हाळ्यात ती आतून खंगते, पण इंजिन गरम असल्यामुळे सेल्फ कसाबसा घेतो. मग डिसेंबरात एका गार पहाटे, तेल घट्ट झालेलं असताना, चावी फिरवली की नुसती टकटक येते. मालक म्हणतो, थंडीने बॅटरी गेली. ती वैशाखातच गेलेली असते, कळतं पौषात. आपला कापूस जिनिंगला न्यायचे, म्हणजे गाडी हवीच असे दिवसही नेमके तेच.

म्हणजे गाडी घेतली त्या दिवसापासून तिच्यातला एक भाग दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागणार हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. मग तो भाग सर्वांत आधी हाताला लागेल असा ठेवायला नको का?

पूर्वी ठेवत होते. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आठवा. मुंबईत महिंद्रांनी ज्या विलिस जीपची जुळणी सुरू केली, तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. ती गाडी दुरुस्त करणारा चिखलात उभा असेल, अंधार असेल, हातात दोनच पाने असतील, हे धरूनच तिची रचना झाली. बॉनेटच्या दोन कड्या सोडल्या की बॅटरी समोर. अ‍ॅम्बेसिडरचंही तसंच. दहा नंबरचा पाना, पक्कड आणि गरम पाण्याचा तांब्या, एवढ्यावर आमचे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात बॅटरी बदलायला शिकत.

एसटीचं उदाहरण तर मी वर्गात मुद्दाम देत असे. एसटीला 24 व्होल्ट लागतात, म्हणून 12 च्या दोन मोठ्या बॅटऱ्या. त्या बसच्या कुशीत, बाहेरून उघडणाऱ्या दाराआड असतात. डेपोतला माणूस उभ्याउभ्या त्या ओढतो. गाडीखाली झोपत नाही, बाक उचकटत नाही. कारण चासी कंपनीची असली तरी महामंडळाने वर्षानुवर्षं बसचे सांगाडे स्वतःच्या कार्यशाळांत बांधले: पुण्याजवळ दापोडीला, औरंगाबादच्या चिकलठाण्याला, नागपूरच्या हिंगण्याला. चुकीच्या जागी बॅटरी ठेवली तर उद्या शिव्या आपल्याच डेपोतून येणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक. रेल्वे, सैन्य, एसटी, तिन्ही ठिकाणी पेटी बाहेरून उघडते. तिन्ही ठिकाणी गाडी कशी हवी हे ठरवणारा आणि ती सांभाळणारा एकाच घरातला असतो.

आता खाजगी मोटारीकडे येतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा बायको-मुलांना घेऊन पुण्याहून येत होता. रात्री अकराच्या सुमाराला भडगाव सोडल्यावर मुलाला बरं वाटेना म्हणून त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. पुन्हा सेल्फ घेईना. सगळे दिवे मंद. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला उठवलं. त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, हात अतिशय चांगला. तो नवी बॅटरी मोटरसायकलला मागे बांधून निघाला, त्याच्यामागे मी. पोचल्यावर त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, बॅटरी कोठे शे?"

बॅटरीचा फक्त एक कोपरा दिसत होता. उरलेली समोरच्या काचेखाली, प्लास्टिकच्या पन्हळीच्या आत सरकवलेली. ती पन्हळ काढायची तर आधी वायपरचे दोन्ही दांडे काढायचे. ते दांतेरी खुंटीवर घट्ट बसलेले; सरळ उपसायला गेलं की वाकतात. मग पन्हळीच्या क्लिपा. मग त्याखाली आडवी लोखंडी पट्टी, तिचे बोल्ट. त्यानंतर बॅटरीला तळाशी धरून ठेवणारा क्लॅम्प, ज्याच्या बोल्टपर्यंत हात पोचत नाही. लांब एक्स्टेन्शन लावून, न बघता, चाचपडत तो सोडायचा. अडीच तास गेले. दोन क्लिपा तुटल्या. मागच्या सीटवर तापाने फणफणलेलं पोर आणि रस्त्यावरून जाणारे ट्रक. त्या अडीच तासांत मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असं मला वाटतं.

पण त्याहून मोठी गोष्ट पहाटे कळली. भाच्याने मजुरी विचारली, तर हा मुलगा घुटमळला. बॅटरी विकणारा ती फुकट बसवून देतो, जुनी परत घेऊन तिच्या शिशाचे पैसे वजा करतो, हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो पडला तेव्हा हे पाच मिनिटांचं काम होतं. गाडीची रचना बदलली, रिवाज तोच राहिला, आणि पाच मिनिटांचे अडीच तास झाले ते कंपनीच्या हिशेबात कुठेच आले नाहीत. ते या मुलाच्या अंगावर पडले. एखाद्या इंजिनिअरने संगणकावर चार बोटं जागा वाचवली, तिची किंमत भडगाव रस्त्यावर एक माणूस मध्यरात्री देत होता. भाच्याने त्याला आग्रहाने पैसे दिले. पण दर वेळी असा भाचा भेटत नाही.

रचना करणारे दुष्ट नसतात, हेही मला सांगायचं आहे. त्यांच्यापुढे खऱ्या अडचणी आहेत. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचं बीएस-6 मानक आलं, धूर स्वच्छ करणारी उपकरणं वाढली. समोरून धडक बसल्यावर माणूस वाचावा म्हणून पुढचा भाग चेपण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. बॉनेट ठेंगणं हवं, आतली बैठक ऐसपैस हवी, आणि ती आपल्यालाच हवी असते. बॅटरी इंजिनाच्या धगीपासून लांब नेली तर ती जास्त टिकते, हेही खरं. 1959 सालच्या ब्रिटिश मिनीत बॅटरी डिकीत होती, फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये मागच्या सीटखाली होती. तिथे निदान डिकी उघडली, सीट उचललं की हात पोचायचा. लांब ठेवणं वेगळं आणि गाडून ठेवणं वेगळं.

गाडलं का जातं, याचं एक कारण मला जुळणीची रांग पाहिल्यावर उमगलं. रांगेवर गाडी अर्धवट असते. बॅटरी बसवताना पुढचा बंपर आलेला नसतो, वायपर नसतात, चाक नसतं, सीट नसतं. कामगार ती मोकळ्या जागेत अलगद ठेवतो, काही क्षणांत काम होतं. कागदावर सगळं सोपं दिसतं. नंतर तिच्यावर बाकीची गाडी चढते. आपल्याला ती बाकीची गाडी उतरवून बॅटरीपर्यंत जावं लागतं. अमेरिकेत क्रायस्लरच्या सेब्रिंग गाडीत बॅटरी डाव्या पुढच्या चाकापुढे, मडगार्डच्या आत होती. तिथे पोचायचं तर चाक वळवून किंवा काढून आतलं अस्तर सोडवायचं. बसवणाऱ्याला सोपी आणि काढणाऱ्याला अवघड अशी जागा एकाच गाडीत असू शकते, आणि निर्णय नेहमी बसवणाऱ्या कंपनीच्या बाजूने होतो, कारण रचना करणाऱ्याला पगार ती देते.

यात धोकाही आहे. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि लावताना तो शेवटी जोडायचा, हे आम्ही पहिल्या दिवशी घोकून घेतो. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअरचा झटका जातो, पाना लाल होतो, चार्ज होताना साचलेला हायड्रोजन जवळ असला तर बॅटरी फुटून अ‍ॅसिड तोंडावर येतं. ज्या गाडीत निगेटिव्हच प्लास्टिकखाली दडलेला आहे, तिथे घाईतला माणूस हाताला लागेल तो आधी सोडतो. आमच्या एका मुलाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा डाग अजून आहे. आणि काही गाड्यांत बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही, डिकी उघडल्याशिवाय बॅटरी मिळत नाही. त्यासाठी कुठे तरी दडवलेली साधी किल्ली किंवा बॉनेटखाली जम्पर केबल लावायचे टोक असतं, पण ते पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे हे रात्री अकरा वाजता कोण शोधणार?

दुचाकीवर मी थोडक्यात बोलतो, पण या गावात तीच जास्त आहे. पूर्वीच्या गाडीची बॅटरी उतरली तरी कार्ब्युरेटर होता, किक होती, नाही तर दोघांनी ढकलली की चालू. बीएस-6 नंतर बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप विजेवर, त्याला हुकूम देणारा संगणकही विजेवर. बॅटरी पार बसली की किक मारून पाय दुखतो, आणि कित्येक गाड्यांची किकच काढून टाकली आहे. गिअर नसलेली स्कूटर ढकलूनही चालू होत नाही. म्हणजे बॅटरीवरचं अवलंबित्व वाढलं, तेव्हाच ती पायाखालच्या प्लास्टिकच्या तळात, क्लिपांच्या मागे गेली. शिक्षिका, परिचारिका, दूध घालणारे यांची सकाळ त्या क्लिपांवर अडते.

चारचाकीत आणखी एक नवं कुलूप आलं आहे, ते पान्याने उघडत नाही. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची, जास्त दमाची बॅटरी लागते. साधी घातली तर वर्षभरात बसते. काही गाड्यांत नवी बॅटरी घातल्यावर गाडीच्या संगणकाला तसं कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो नवीला जुनीसारखंच भरत राहतो. कळवायचं यंत्र असतं अधिकृत केंद्रात. पाचोऱ्याहून जळगावला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, तिथेही नसलं तर नाशिक.

ही तक्रार माझी एकट्याची नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आक्षेप हाच होता की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुली केली जात नाहीत. पुढे अपिलं झाली. पण रस्त्याकडेच्या कारागिराला माहिती मिळाली पाहिजे हे तत्त्व देशाच्या एका आयोगाने लिहून ठेवलं आहे, आणि आमच्या बहुतेक गॅरेजवाल्यांना त्याचा पत्ताच नाही.

विजेच्या गाड्यांत तर बॅटरी हाच गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. तिथे ती नुसती झाकली जात नाही, चिकटवली जाते. टेस्लाच्या टेक्सासमधल्या कारखान्यातून 2022 मध्ये निघालेल्या काही मॉडेल वाय गाड्यांची बॅटरी जाणकारांनी उघडली, तेव्हा सेलभोवती घट्ट गुलाबी फेस ओतलेला निघाला. बॅटरी हाच गाडीचा तळ आणि सीटं त्याच्यावरच बोल्ट केलेली. त्याने गाडी हलकी आणि मजबूत होते. पण आतला एक सेल गेला तर काय करायचं, याला उत्तर उरत नाही. आपल्याकडे 2022 मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-156 हे मानक कडक झालं, आणि बॅटरीत पाणी-धूळ जाऊ नये, एका सेलची आग दुसऱ्याला लागू नये असे नियम आले. ते हवेतच. मी सीलबंद सेलच्या विरोधात नाही. सेल सीलबंद असावेत आणि त्यांची पेटी चार बोल्टांवर बाहेर यावी, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपल्या रस्त्यावरची ई-रिक्षा बघा: सीट उचललं की खाली ओळीने बॅटऱ्या. एक गेली तर एक बदलतात. ती गरीब गाडी या बाबतीत श्रीमंत गाडीच्या पुढे आहे.

बॅटरी काढता-घालता येणं हे काही कालचं स्वप्न नाही. अमेरिकेत हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने 1910 ते 1924 च्या काळात विजेच्या मालट्रकांसाठी अशी सोय चालवली. ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा, बॅटरी वीज कंपनीची. उतरली की भरलेली बसवून द्यायची, पैसे मैलांवर. बॅटरी सांभाळणारी कंपनी वीज विकणारी, म्हणून ट्रकच्या रचनेत बॅटरी सहज निघेल अशीच होती. गुरुजींचे दोन प्रश्न इथेही लागू पडतात. आपल्या केंद्र सरकारनेही ऑगस्ट 2020 मध्ये विजेच्या गाड्यांची बॅटरीविना विक्री आणि नोंदणी करायला परवानगी दिली आहे. कागद तयार आहे, तशा गाड्या मात्र अजून थोड्याच आल्या आहेत.

मग मागायचं काय? युरोपीय संघाने 2023 मध्ये बॅटरीचा नवा कायदा केला. त्यानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून विजेच्या सायकली, स्कूटर अशा हलक्या वाहनांची बॅटरी कंपनीबाहेरच्या स्वतंत्र कारागिरालाही काढता आणि बदलता आली पाहिजे. फ्रान्समध्ये 2021 साली मोबाइल, लॅपटॉप, धुलाई यंत्रं यांच्यावर ती दुरुस्त करायला किती सोपी याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं, त्यात मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. त्याच वर्षी आलेल्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण ती गाडीतून बाहेर काढायची मेहनत अजून मालकाची आणि मिस्त्रीची आहे. माझी मागणी तिथे आहे. गाडीच्या किमतीच्या, मायलेजच्या शेजारी एक ओळ छापा: बॅटरी कुठे आहे, काढायला कोणते पाने लागतात, एका माणसाला किती मिनिटं लागतात. ही ओळ छापावी लागणार म्हटल्यावर रचना करणारा स्वतः पाना घेऊन खाली वाकेल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि टचस्क्रीन बघून झाल्यावर विक्रेत्याला म्हणा, बॅटरी दाखवा. तुमच्या हाताने तिच्या टर्मिनलला हात लावून बघा. लागला नाही तर तसं सांगून या, चार माणसांसमोर सांगून या. ट्रॅक्टर घेतानाही विचारा. तो शेतात बंद पडतो आणि तिथे अधिकृत केंद्राचा माणूस येत नाही.

गॅरेजवाल्या मित्रांना वेगळं सांगतो. बॅटरी बसवायची मजुरी घ्या. पाच मिनिटांची नको, पण वायपर आणि बंपर उतरवावा लागला तर त्याचे पैसे पावतीवर वेगळे लिहा, "बॅटरीपर्यंत पोचण्याची मजुरी" असेच शब्द लिहा. मालकाला तो आकडा दिसू द्या. पुढची गाडी घेताना तो त्याच्या लक्षात राहील.

या सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे, दोरीने पेन बांधलं आहे. जाताना आपल्या गाडीचं नाव, वर्ष, बॅटरी कुठे आहे, काय काय काढावं लागलं आणि किती वेळ गेला, एवढं लिहून जा. पहिलं पान मी भरलं आहे, भडगाव रस्त्याचं. वही भरली की तिच्या प्रती ग्राहक खात्याला आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाला पाठवायच्या आहेत, आणि एक प्रत इथल्या आयटीआयच्या ग्रंथालयात राहील, म्हणजे रात्री कोणाला उठवलं गेलं तर निघताना कोणते पाने बरोबर घ्यायचे हे त्याला कळेल.